नोकरी सोडून १४ महिने झाले, थकवा मात्र सोडत नाही: हालचालीकडे परत कसं वळायचं?

ओंजळ:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतं वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी ४७ वर्षांची. १९ वर्षं कॉर्पोरेटमध्ये काढली, त्यातली शेवटची सहा तीन टाइमझोनमधल्या टीम्स सांभाळण्यात. म्हणजे सकाळी उठल्या उठल्या एक कॉल, रात्री झोपताना एक कॉल आणि मधला अख्खा दिवस खुर्चीत. १४ महिन्यांपूर्वी राजीनामा दिला. कुणी काढलं नाही, भांडण झालं नाही. एक दिवस ऑफिसची लिफ्ट बंद होती म्हणून जिना चढायला लागले आणि दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभीच राहिले, छाती नुसती भात्यासारखी हलत होती. मागून येणारी विशीतली मुलगी म्हणाली, "मॅम, बॅग द्या माझ्याकडे." चांगुलपणानेच म्हणाली हो. मी बॅग दिली तिला. त्या दिवशीची मीटिंग पार पडली, घरी आले आणि खूप रडले. त्यानंतर तीन महिन्यांनी बाहेर पडले.

सगळे म्हणाले आता आराम कर. केला, भरपूर केला. चार महिने दहा-दहा तास झोपत होते आणि उठताना झोपायच्या आधीपेक्षा जास्त दमलेली असायचे. मग एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून पळायला लागले. ॲप घेतलं, घड्याळ घेतलं, आठवड्याचा तक्ता लावला. सहा दिवस पळायचं, कालच्यापेक्षा आज जास्त आणि एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट. आठ आठवड्यांत टाच धरली. पुढचे दोन महिने लंगडत काढले.

लंगडत बसले होते तेव्हा लक्षात आलं की ऑफिसात जे करत होते तेच करत होते, फक्त पायात बूट वेगळे होते. रात्री घड्याळातला आकडा बघितल्याशिवाय झोप लागत नव्हती, आधी मेल बघितल्याशिवाय लागायची नाही तशी.

तर प्रश्न असा आहे की ज्यांनी असं काम सोडल्यावर (किंवा न सोडता) शरीर पुन्हा उभं केलं त्यांनी सुरुवात नेमकी कशी केली? आणि हालचालीची पुन्हा नोकरी होऊ नये म्हणून काय केलं? वजन कमी करायचे सल्ले नकोत प्लीज, तो माझा प्रश्न नाहीये.

पाऊलखूण:
ताई, बॅगेचा प्रसंग वाचून पोटात कालवलं. मी आठ वर्षांपूर्वी ५२ व्या वर्षी यातून गेलोय त्यामुळे थोडं हक्काने लिहितो.

नुसत्या आरामाने तुम्ही आणखी दमलात ते तुमच्या मनाचे खेळ नाहीत. १९६६ साली अमेरिकेत डॅलसमध्ये एक प्रयोग झाला होता. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना ३ आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं. हृदय आणि फुप्फुसांची क्षमता धाडकन खाली आली. मग कसून व्यायाम करून घेऊन ती परत वर आणली, पण खरी गोष्ट पुढेच आहे. ३० वर्षांनी तेच पाच जण पन्नाशीत असताना पुन्हा तपासले, तर त्या ३० वर्षांच्या वयाने क्षमतेचं जेवढं नुकसान केलं होतं त्याहून जास्त त्या ३ आठवड्यांच्या झोपण्याने केलं होतं! आणि मग त्यांच्याकडून ६ महिने हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम करून घेतला तेव्हा वयामुळे गेलेलं सगळं परत आलं, म्हणजे विशीत पलंगावर जायच्या आधी ते जिथे होते तिथे पोचले. पाचच माणसं आहेत त्यामुळे फार ताणायचं नाही, पण मला त्या काळात या एका गोष्टीने जेवढा धीर दिला तेवढा कुठल्याच भाषणाने दिला नाही. माझी खुर्चीतली २६ वर्षं कायमची गेली असं मी धरून चाललो होतो.

त्यातला 'हळूहळू' हा शब्द मात्र मीही तुमच्यासारखाच गाळून वाचला होता. गुडघा दुखावून बसलो.

सांधा:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, १५ वर्षं हेच काम करतेय आणि धागाकर्तीसारखे लोक दर महिन्याला येतात. मोठ्या पदावरून बाहेर पडलेली माणसं आळशी नसतात, उलट सांगितलेल्या व्यायामाच्या तिप्पट करून येतात. त्यांना थांबवणं हेच माझं अर्धं काम असतं.

आठव्या आठवड्यातच टाच का धरली ते सांगते. पळायला लागल्यावर दम काही आठवड्यांत सुधारतो, स्नायूही त्याच सुमारास ताकद धरायला लागतात. टेंडनला (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) मात्र महिने लागतात, तिथे सगळंच संथ चालतं. त्यामुळे सहाव्या-आठव्या आठवड्यात माणसाला वाटतं की आता जमायला लागलं, वाढवू या, आणि नेमकं तेव्हाच टेंडन मागे राहिलेलं असतं. दम आहे म्हणून पाय पळत राहतात आणि टाच भरडली जाते.

दुखतं कुठे ते सांगाल का? टाचेच्या खाली की मागे, पोटरीकडे जाणाऱ्या दोरीत? मागे असेल आणि सकाळी पहिली काही पावलं आखडल्यासारखी पडत असतील तर बहुतेक अकिलीस टेंडन. त्यासाठी पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाच सावकाश खाली सोडायचा व्यायाम १९९८ साली स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांनी मांडला, त्यांच्या मूळ पद्धतीत दिवसाला १८० वेळा आणि तेही १२ आठवडे करायचा होता. तुमचा स्वभाव कळलाय म्हणून आधीच सांगते, १८० ऐकून लगेच सुरू करू नका. झेपेल तेवढं केलं तरी गुण येतो हे नंतरच्या अभ्यासात दिसलंय. आणि दुखणं टाचेच्या हाडाला चिकटतं तिथेच असेल तर टाच पायरीच्या खाली सोडायची नाही, सपाट जमिनीवर करायचं. एकदा कुणालातरी प्रत्यक्ष दाखवा.

रिकामा_कोपरा:
वाचनखूण साठवली. सविस्तर नंतर लिहितो.

अजून_नोकरीत:
सगळ्यांचा मान राखून लिहितोय. असे धागे वाचले की मला दर वेळी आत कुठेतरी लागतं. राजीनामा देऊन सकाळी पळायला जाणं ज्याला परवडतं त्याने जरूर जावं, पण माझं वय ४१, घराचे हप्ते अजून ११ वर्षं आहेत, आई-वडील माझ्यावर अवलंबून आहेत आणि आठवड्याचे ६० तास ही माझी आवड नाहीये. मला कुणी सांगेल का की माझ्यासारख्याने काय करायचं? रात्री साडेनऊला लॅपटॉप मिटल्यावर जिमला जायचं?

ओंजळ:
@अजून_नोकरीत, लागलं ते बरोबरच आहे. माझ्याकडे साठवलेले पैसे होते आणि घरात दुसरा पगार होता म्हणून मी उठू शकले, ते मी वर लिहायला हवं होतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही पण मलाही ते हवंय, कारण मी नोकरीत असतानाच कुणी सांगितलं असतं तर कदाचित कठड्याला धरून उभं राहायची वेळ आली नसती.

@सांधा, मागे दुखतं, दोरीतच. सकाळी अगदी तुम्ही म्हणता तशीच पावलं पडतात.

पाऊलखूण:
@अजून_नोकरीत, मित्रा, तुझा राग समजतो. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांमध्ये ३५ ते ४० तास करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५% जास्त, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये मिळून सांगितलंय. तुला घाबरवायला हे लिहीत नाहीये. एवढ्या तासांचा भार खरोखर असतो, तू कमकुवत आहेस म्हणून दमतोस असं नाही, एवढंच म्हणायचंय. तास कमी करणं हाच त्यावरचा खरा उपाय, आणि तो नेहमी आपल्या हातात नसतो.

पण आता दुसरी बाजू बघ. हालचाल हृदयाला राखते हे पहिल्यांदा नीट दिसलं ते नोकरदार माणसांतच. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या डबलडेकर बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली, १९५३ साली छापून आली. एकच बस, एकच रस्ता. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली. कंडक्टरांना हृदयविकार कमी होता आणि झालाच तरी उशिरा आणि सौम्य. लोक म्हणाले की मुळात जाडीच माणसं ड्रायव्हर होत असतील, तर मॉरिस यांनी त्यांच्या गणवेशांच्या कमरेची मापं मिळवली, आणि ड्रायव्हरांच्या कमरा खरंच मोठ्या निघाल्या. पण बारीक ड्रायव्हर घेतला तरी त्याचा धोका कंडक्टरपेक्षा जास्तच राहिला. मला या माणसाची चिकाटी फार आवडते, स्वतः ९९ वर्षं जगले.

सांगायचं हे की ते कंडक्टर व्यायाम करत नव्हते. तिकिटं फाडत होते.

सांधा:
याला जोडूनच. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल ही शिफारस सगळ्यांना माहीत असते, त्याबरोबर दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारं काहीतरी, हे बरेच जण विसरतात. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात एक मोठा बदल झालाय. आधी सलग १० मिनिटं झाली तरच ती मोजायची असं होतं, ती अट काढून टाकली. जिना चढायचे दोन मिनिटंही धरायचे, लांबच्या प्रिंटरपर्यंत झपझप गेलात तेही धरायचं. तुमच्यासारख्यांना याचा खरा उपयोग आहे. मध्यम म्हणजे किती, तर बोलता यावं पण गाता येऊ नये इतपत धाप. त्याला घड्याळ लागत नाही.

ज्या कॉलवर तुम्हाला फक्त ऐकायचंय ते उभ्याने किंवा चालत घ्या. खुर्चीतून हात न टेकता उठा. हे सांगताना फार साधं वाटतं, पण चाळिशीत ज्यांना हात टेकावा लागतो असे किती लोक येतात माझ्याकडे, सांगू नये.

रिकामा_कोपरा:
आता सविस्तर. माझं म्हणणं जरा वेगळं आहे.

धागाकर्ती, चार महिने दहा तास झोपूनही थकवा, हे वाचल्यावर माझा पहिला प्रश्न असा की रक्त तपासलंत का? हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी १२, ड जीवनसत्त्व. मी सहा महिने 'बर्नआउट, बर्नआउट' म्हणत बसलो आणि निघाला थायरॉइड. बर्नआउटला जागतिक आरोग्य संघटनेने आजार म्हटलेलंच नाहीये, कामाशी जोडलेली अवस्था म्हटलंय: शक्ती संपणं, कामाबद्दल मन विटणं आणि आपल्याच्याने काही होत नाही असं वाटणं. म्हणजे नोकरी सोडून वर्ष उलटलं तरी उतारच नसेल तर दुसरं काहीतरी असू शकतं. आणि एक धोक्याची खूण. थोडीशी हालचाल केल्यावर एक-दोन दिवसांनी माणूस पार कोसळत असेल, अंथरुणावरून उठवत नसेल, तर 'अजून नेट लावा' हा सल्ला त्याला घातक ठरतो. अशांनी आधी डॉक्टर गाठावा.

दुसरं मनाचं. गोळ्या सुरू झाल्या, रिपोर्ट सुधारले तरी मी सकाळी उठून बिछान्याच्या कडेला बसून राहायचो. १९ वर्षं कुणीतरी सांगत होतं की आठला इथे, दहाला तिथे. आता कुणाला माझी गरजच नाही. ते रिकामपण नुसत्या चालण्याने भरलं नाही. माझं भरलं ते एका चालणाऱ्या गटामुळे, कारण तिथे पाऊण तास थांबून माझी वाट बघणारी माणसं होती. ती माणसं भेटली नसती तर तेवढंच चालून मला तेवढा गुण आला नसता असं मला आजही मनापासून वाटतं.

पाऊलखूण:
वाट बघणारी माणसं, याला माझं १००% अनुमोदन.

घड्याळाबद्दल मात्र माझं मत आकड्यांच्या बाजूने आहे. मला आकड्यांनीच वाचवलं. रोज किती पावलं झाली ते लिहून ठेवलं नसतं तर मी दुसऱ्याच आठवड्यात सोडलं असतं.

सांधा:
काका, तुम्हाला आकडा चालतो कारण तो कमी आला तर तुम्ही रात्री शांत झोपता. धागाकर्ती झोपत नाहीत, फरक तिथे आहे. आणि १०,००० पावलांचा आकडा तर १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून पसरला, त्या नावाचाच अर्थ दहा हजार पावलांचं मीटर असा होतो. पुढे २०१९ मध्ये सरासरी ७२ वयाच्या सोळा हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास झाला, त्यात अगदी कमी चालणाऱ्यांच्या तुलनेत दिवसाला ४,४०० पावलांच्या आसपासच मृत्यूदर घटलेला दिसला आणि साधारण ७,५०० नंतर फायदा वाढेनासा झाला. तेव्हा साडेआठ हजारांवर अडलो म्हणून रात्री घरातल्या घरात फेऱ्या मारणाऱ्यांनी झोपावं खुशाल.

उशिराची_गाडी:
मला शास्त्र वगैरे फार कळत नाही, अनुभव सांगते. ५६ व्या वर्षी निवृत्त झाले आणि पोहायला शिकले. अजिबात येत नव्हतं, पाण्याची भीती होती. माझ्याबरोबर सात वर्षांची मुलं शिकायची आणि ती माझ्याआधी शिकली. ३० वर्षं लोक माझं ऐकायचे, सही माझी लागायची, आणि तिथे कुणाला माझं पद ठाऊकच नव्हतं. सुरुवातीला अवघडल्यासारखं झालं, मग इतकं मोकळं वाटलं की काय सांगू.

ओंजळ ताई, तुमची टाच दुखते, पाण्यात तिच्यावर भार येत नाही. बघा विचार करून. ज्यात आपण आधीपासून बऱ्यापैकी आहोत असं काही निवडू नका, तिथे लगेच पहिलं यायची हौस सुटते.

अनुल्लेख:
फार सुंदर चर्चा. उशिराची_गाडी, तुमचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

ओंजळ:
चार महिन्यांनी परत येतेय. सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत आणि मी गायब झाले, माफ करा.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.२ निघालं. डॉक्टरांनी कारण शोधलं, उपचार सुरू झाले, आणि सहा-सात आठवड्यांत सकाळ सकाळसारखी वाटायला लागली. @रिकामा_कोपरा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. मी याच अवस्थेत रोज पळत होते या विचाराने अजूनही अंगावर काटा येतो.

टाचेचे व्यायाम फिजिओला दाखवून सुरू केले, १५ च्या तीन फेऱ्या, दिवसातून एकदाच. आता सकाळची पावलं सरळ पडतात. घड्याळ भावाला देऊन टाकलं.

आणि मी पोहायला शिकतेय. हे मला जरा सविस्तर लिहायचंय.

पहिले दोन आठवडे तरंगताच येईना. शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या मान सोडा, आणि मी म्हणायचे सोडलीय की. सोडलेली नसायचीच. मला पुढे काय आहे ते सतत दिसायला हवं असायचं, म्हणून डोकं वर, आणि पाण्यात डोकं वर उचललं की कंबर आणि पाय खाली जातात, मग बुडतोय असं वाटून आणखी डोकं वर. त्यांनी शेवटी माझ्या डोक्याखाली नुसता तळवा धरला आणि म्हणाल्या, याचं वजन माझ्या हातात द्या. मला ते जमायला वीस मिनिटं लागली. एवढं वजन असतं आपल्या डोक्याचं, आणि किती वर्षं मी ते खांदे कानापर्यंत नेऊन धरून ठेवलं होतं! जेव्हा सुटलं तेव्हा कंबर आपोआप वर आली, कान पाण्यात गेले, सगळे आवाज बंद झाले आणि मला फक्त माझा श्वास ऐकू येत होता. रडू आलं, पाण्यात होते म्हणून कुणाला कळलं नाही.

दुसरं म्हणजे श्वास सोडणं. पाण्यात तोंड असताना नाकातोंडाने सावकाश सोडायचा, म्हणजे वर आल्यावर घेता येतो. मी धरूनच ठेवायचे. मग घरी लक्ष ठेवलं तर फोन वाजला तरी धरते, कुणी हाक मारली तरी धरते. आता पकडते स्वतःला आणि सोडते.

आठवड्यातून तीनदा पाणी, बाकी दिवस चालणं, दोनदा वजनं, हलकीच. बुधवारी काहीच नाही. बुधवार मोकळा सोडताना अजूनही जड जातं, खरं सांगते.

अजून_नोकरीत:
ताई, वाचून फार बरं वाटलं. मीही कळवतो. नोकरी तीच, तास थोडे कमी झालेत, ५४-५५. लिफ्ट सोडलीय, पाचवा मजला, दिवसातून तीनदा. ऐकायचे कॉल चालत घेतो. वजन तेवढंच आहे, पण रविवारी मुलीला खांद्यावर घेऊन टेकडी चढलो आणि खाली उतरवायला लागली नाही. इथे पहिल्यांदा चिडून लिहिलं होतं, कुणी उलट बोललं नाहीत, ते लक्षात राहिलंय.

पाऊलखूण:
मित्रा, जिंकलंस.

ओंजळ:
@अजून_नोकरीत, तुमची पोस्ट घरी मोठ्याने वाचून दाखवली.

पुढच्या महिन्यापासून आठवड्यातून तीन दिवसांचं काम घेतेय. धाकधूक आहे. कॉल संपला की पुढचा घ्यायच्या आधी खुर्चीतून उठायचं, एवढं ठरवलंय.

एक शंका राहिलीय. उजवीकडे वळून श्वास छान घेता येतो, डावीकडे दर वेळी तोंडात पाणी जातं. कुणाला काही सुचतंय का?

उशिराची_गाडी:
डावीकडे तुम्ही नुसती मान वळवून तोंड वर काढत असणार. मान नका वळवू, कंबरेपासून अख्खं अंग वळू द्या आणि एक डोळा पाण्यातच ठेवा. मला जमायला पाच आठवडे लागले होते.